काचेचे रबर आणि गाडीचा नवा रंग

मालमोटारीच्या समोरच्या काचेभोवती, लुगड्याला काठ असावा तशी, काळ्या रबराची एक पट्टी असते. मिस्त्री तिला ‘बिडिंग’ म्हणतात, ड्रायव्हर नुसते ‘काचेचे रबर’ म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू. ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंतचे विषय आपण ऐकले, तेथे या रबरावर तासभर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या घरात येणारी साखर, कांदा, सिमेंट आणि औषधाची बाटली ज्या गाडीतून येते, ती चालवणारा माणूस या काचेमागे बसलेला असतो, आणि ती काच या रबराने धरलेली असते. शिवाय हा विषय आम्ही मुद्दाम वसंतात घेतला आहे. उसाचा हंगाम आटोपला आहे, गाड्या मोकळ्या झाल्या आहेत, मृग तोंडावर आला आहे आणि गॅरेजांतून रंगाची कामे सुरू झाली आहेत. सांगायचे ते आताच सांगितले पाहिजे.

सांगायचे ते इतकेच: जुन्या गाडीला रंग देण्यापूर्वी समोरची काच उतरवावी, जुने रबर टाकून द्यावे, त्याखालचा पत्रा पाहून दुरुस्त करावा, मग रंग द्यावा, आणि रंग पुरता वाळल्यावर नवे रबर घालून काच बसवावी. ही गोष्ट मालकाला माहीत आहे, मिस्त्रीला माहीत आहे, पेंटरला तर पाठ आहे. तरीही पुष्कळदा घडते ते निराळेच. रबरावर चिकटपट्टी, काचेवर जुने वर्तमानपत्र, त्यावरून गनने रंगाचा फवारा, आणि संध्याकाळी झेंडूची माळ घालून गाडी रस्त्यावर! असे का घडते आणि त्याची किंमत कोण देतो, हाही आमच्या विषयाचाच भाग आहे.

आपल्या जिल्ह्याला मोटार ही काही परकी वस्तू नाही. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले, आणि बैलगाडीबरोबर ऊस वाहायला ट्रक आले. शहरालगत संरक्षण खात्याची वाहनसंशोधन संस्था आहे. १९९४ सालापासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण महामार्गावर ड्रायव्हरला विचाराल तर तो अजून ‘नगरची गाडी’ असेच सांगतो. अशा या नगरच्या गाडीची एक खोड आहे. आमचा मुलूख कोरडा. शहरात वर्षाला वीस-बावीस इंच पाऊस पडला तर भरून पावलो म्हणायचे. तेव्हा काचेतून थोडे पाणी आले तर काय बिघडले, असा इथला हिशेब. पण गाडी काही नगरात बसून राहत नाही. कांदा घेऊन ती माळशेज घाटाने कल्याणला उतरते, आणि त्या घाटात आषाढ-श्रावणात पाऊस समोरून, बाजूने, कधी कधी खालूनही येतो. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावरच्या घाटघरला लोक नगरचे चेरापुंजी म्हणतात. एकाच जिल्ह्यात ही दोन टोके. गाडीला दोन्ही सोसावी लागतात. कोरड्या मुलखाचे ऊन रबर मारते, आणि मग ओल्या मुलखाचा पाऊस त्या मेलेल्या रबरातून आत शिरतो.

आता ते रबर काम कसे करते ते पाहू. रबराचा तुकडा आडवा कापून त्याचे तोंड पाहिले तर ते इंग्रजी ‘एच’ अक्षर आडवे पाडावे तसे दिसते. दोन बाजूंना दोन खाचा. एका खाचेत काचेची कड, दुसऱ्या खाचेत केबिनच्या पत्र्याची कड. खिळा नाही, स्क्रू नाही. रबराला मूळ आकाराकडे परत येण्याची ओढ असते आणि त्या ओढीने ते दोन्ही कडांना चिकटून राहते. काही गाड्यांत या पट्टीच्या अंगावर आणखी एक बारीक खाच असते, तीत वेगळी दोरीसारखी पट्टी दाबून बसवतात. ती पाचर होय. ती बसली की रबराचे ओठ घट्ट आवळले जातात. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हे रबरच नाही. काच सरळ केबिनला जाड गोंदाने चिकटवलेली असते, आणि ती काढणे-बसवणे हे वेगळे शास्त्र आहे. आमचे आजचे बोलणे रबरात काच असलेल्या जुन्या गाड्यांपुरते आहे. अशा गाड्या रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत, आणि त्या बहुधा एक-दोन गाड्यांच्या लहान मालकाकडे असतात.

झाडाच्या चिकापासून केलेले रबर उन्हात पाघळे आणि थंडीत कडक होई. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने ते गंधकाबरोबर तापवले आणि त्याला टिकाऊ लवचीकपणा आला. पण त्याच्या अंगात एक दुबळेपणा राहिलाच. हवेत ओझोन नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. रबराचे कण ज्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असतात, त्या साखळ्यांतले कच्चे दुवे तो तोडतो, आणि रबर ताणलेले असेल तर लवकर तोडतो. म्हणूनच काचेच्या रबराला पहिल्या चिरा कोपऱ्यांत पडतात, कारण तेथे ते वळून ताणलेले असते. १९६०च्या सुमारास ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर बाजारात येऊ लागले. त्याच्या मुख्य साखळीत हे कच्चे दुवे नसल्यामुळे ऊन आणि ओझोन त्याला फारसे बाधत नाहीत. मात्र त्याचे तेलाशी वैर आहे. डिझेल, रॉकेल, ग्रीस लागले की ते फुगते आणि ढिले पडते. आता आपल्याकडची चाल पाहा. गाडी धुऊन झाली की क्लीनर डिझेलचा बोळा रबरावरून फिरवतो, म्हणजे ते कसे काळेभोर चमकते! ती चमक चार दिवसांची. रबर मात्र तेवढ्या प्रमाणात निकामी होते. पोराला दोष देऊ नये. त्याला तसेच शिकवलेले असते.

रबर कडक झाले, आक्रसले, की पत्रा आणि रबर यांच्यात केसाएवढी फट पडते. वातीत तेल चढते त्याच न्यायाने तीत पाणी ओढले जाते. शिरलेले पाणी उन्हाला दिसत नाही, वाऱ्याला लागत नाही. खाचेत धुळीचा चिखल होऊन बसतो आणि तो ओल धरून ठेवतो. त्या अंधारात पत्र्याची कड गंजू लागते. गंजलेल्या लोखंडाला मूळच्या लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून गंजाचे पापुद्रे रबराला आतून उचलतात, फट वाढते आणि पाणी आणखी शिरते. दुखणे स्वतःच स्वतःला वाढवीत जाते ते असे. आणि बाहेरून काय दिसते? खालच्या कोपऱ्यातून उतरलेला एक तपकिरी ओघळ. पेंटर तो पुसतो आणि त्यावर रंग देतो.

यातून दोन प्रकारची संकटे येतात. पहिले विजेचे. पाणी खांबाच्या आतून किंवा डॅशबोर्डच्या मागून उतरते, आणि पुष्कळ गाड्यांत फ्यूजची पेटी आणि तारांचे जुडगे त्याच वाटेवर असते. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरची गाडी नव्या रंगाने लखलखत होती. पावसाळ्याच्या पहिल्याच महिन्यात रात्रीच्या वेळी घाटात तिचा वायपर बंद पडला आणि पाठोपाठ दिवेही गेले. तो गाडी कडेला घेऊ शकला म्हणून ही गोष्ट आम्हांला त्याच्या तोंडून ऐकायला मिळाली. रंगाचे बिल मालकाने दाखवले, ते मोठे होते. त्यात रबराचा उल्लेख नव्हता.

दुसरे संकट याहून वाईट आहे. समोरची काच ही वारा अडवण्यापुरती नाही. १९०९ साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनज्ञाने दोन काचांमध्ये पारदर्शक पडदा घालून काच करण्याचे पेटंट घेतले. अशी काच फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात, आणि आदळलेला माणूस बाहेर फेकला जाण्याऐवजी आत राहण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे १९९३ साली मोटार नियमांत दुरुस्ती होऊन, तीन वर्षांनंतर बनणाऱ्या गाड्यांना समोर अशीच काच हवी असे ठरले. कायदा चांगला झाला. पण काच कितीही चांगली असली तरी तिला धरणारे रबर मेलेले आणि त्यामागची कड गंजून चाळणी झालेली असेल, तर धक्क्यासरशी काच अखंडच्या अखंड बाहेर पडते. मग तिच्यामागून क्लीनर जातो. पट्टा बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला असतो आणि तोही पुष्कळदा सीटखाली दडपलेला असतो, हे आपण सगळे जाणतो.

मग हे काम टाळले का जाते? आम्ही तीस वर्षे गॅरेज कामगार आणि ड्रायव्हर यांच्यात वावरलो आहोत. आळस हे उत्तर आम्हांला पटत नाही. पेंटरला मजुरी गाडीमागे मिळते, दिवसामागे नाही. काच उतरवण्यात अर्धा दिवस जातो, ती फुटली तर तिची किंमत त्याच्या अंगावर टाकली जाते, आणि रबराखाली कुजलेला पत्रा निघाला तर डेंटर येईपर्यंत गाडी अडून राहते. म्हणजे खरे काम करू जाणाऱ्याला तिहेरी तोटा. तो चिकटपट्टी लावतो यात नवल काय? मालकाचीही बाजू आहे. एका गाडीचा मालक हा बहुधा कालचा ड्रायव्हरच असतो. कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो, जुन्या गाडीला दरवर्षी पासिंग असते, आणि पासिंगच्या वेळी रंग दिसतो, रबराखालचा गंज दिसत नाही. जे दिसते त्यावर पैसा खर्च होतो. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला, त्याने कामाचे दिवसाला आठ तास ठरवले. पण ज्या केबिनमध्ये ते आठ तास, आणि खरे म्हणजे बारा-चौदा तास, काढायचे ती कोरडी असावी की ओली, हा प्रश्न मालक आणि कामगार यांनी बसून सोडवण्याचाच राहिला. रात्री ड्रायव्हर-क्लीनर त्याच केबिनमध्ये झोपतात. ओली गादी, कुबट वास, सकाळी छातीत कफ. याची नोंद कोणत्याही बिलात होत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की रंगाचा ठराव होतानाच काच उतरवण्याची मजुरी वेगळी लिहावी, आणि उतरवताना काच फुटली तर ती जोखीम मालकाची असे स्पष्ट ठरवावे. जुन्या काचेचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. एवढे एक वाक्य कागदावर आले की पेंटरचा हात मोकळा होतो. काही ठिकाणी आम्ही हे घडवून आणले आहे. भांडण न करता झाले, कारण मालकालाही हिशेब कळतो. रबर आणि मजुरी यांचा खर्च पूर्ण रंगकामाच्या मानाने लहानसा असतो, आणि तोच रंग दुसऱ्या वर्षी कोपऱ्यात फुगून आला तर सगळेच पुन्हा करावे लागते.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट, बॅटरीची तार सोडावी. वायपरचे दांडे काढावेत. जुने रबर वाचवण्याचा मोह धरू नये; पुष्कळ काचा फुटतात त्या या मोहापायी. पेचकस घालून कडक रबर उचकटू गेले की टोक काचेच्या कडेला लागते, आणि काचेचा जीव तिच्या कडेत असतो. त्यापेक्षा धारदार सुरीने रबराचा बाहेरचा ओठ काचेभोवती सगळीकडून कापून काढावा. मग आत बसलेल्या माणसाने वरच्या कोपऱ्यांजवळ, कापडाची घडी ठेवून, तळहाताने सावकाश दाबावे आणि बाहेरच्या दोघांनी काच झेलावी. झटका नको, पिळ तर नकोच. पडद्याची काच पिळली की तडकते. जुन्या गाडीत एकजिनसी कडक काच असेल तर ती समोरचा दणका सोसते, पण कडेवर बारीकसा टोला बसला तरी क्षणात तिचे खडे होतात. तेव्हा हातमोजे आणि चश्मा हवा. उतरलेली काच भिंतीशी गोणपाटावर उभी ठेवावी, जमिनीवर आडवी टाकू नये. पडद्याच्या काचेच्या कडेला दुधाळ पट्टा दिसत असेल तर आतल्या पडद्यात पाणी शिरले आहे असे समजावे. तो पट्टा नजरेच्या टप्प्यात आला असेल तर काचही बदलावी.

काच निघाली की खरे दुखणे दिसते. पत्र्याची कड तारेच्या ब्रशने घासून लख्ख करावी. वरवरचा गंज असेल तर गंजावर लावायचे फॉस्फरिक आम्लाचे औषध मिळते, ते सांगितल्याप्रमाणे लावून पुसावे. पण टोचणी आरपार जात असेल तर तेथे औषध चालत नाही. तेवढा भाग कापून त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने जोडावा लागतो. त्याच जाडीचा म्हणतो त्याला कारण आहे: कड जाड झाली तर रबराची खाच तीवर बसत नाही, पातळ झाली तर रबर सैल राहते. येथे एक वाईट चाल सांगितली पाहिजे. भोकावर पुट्टी थापतात, घासतात, रंग देतात. दिसायला कड अखंड दिसते. पुट्टीला जोर नसतो. रबर चढवताना तिचा तुकडा पडतो किंवा गाडीच्या थरथरण्याने ती तडकते, आणि ती पाणीही धरते. पुट्टी केबिनच्या सपाट अंगावर, खळगे भरायला आहे. काचेच्या कडेवर ती असू नये.

काच आधीच उतरवण्याचे आणखी एक कारण वेल्डिंग करणाऱ्याला विचारा. ग्राइंडरच्या आणि वेल्डिंगच्या ठिणग्या काचेवर पडल्या की तीत रुतून बसतात. त्या पुसून निघत नाहीत. रात्री समोरून दिवे आले की तेवढे ठिपके चांदण्यासारखे चमकतात. ठिणग्यांपासून आतला डॅशबोर्ड आणि तारा ओल्या गोणपाटाने झाकाव्यात.

मग प्रायमर, आणि त्यावर रंग. कडेवर रंग पातळच द्यावा. पेंटरच्या प्रकृतीविषयी येथे बोलणे आमचे कर्तव्य आहे. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. २०१६ साली रंगांतल्या शिशाविषयी जे नियम झाले ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी होते, मोटारींच्या रंगांसाठी नव्हते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, वॉटर पेपरने पाणी घालून घासावा. धुळीने भरलेले कपडे गॅरेजमध्येच बदलावेत, घरी लेकरांजवळ नेऊ नयेत. हार्डनर मिसळायच्या पीयू रंगात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याच्या फवाऱ्याने दमा लागतो, आणि एकदा तो लागला की थोड्याशा वासानेही धाप लागते. नाकाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीच कामाचा नाही. चांगले म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मुखवटा. तो नसेल तर निदान वाफेची गाळणी असलेला मास्क, आणि तो मालकाने द्यायचा. काच उतरवलेल्या केबिनचा यात थोडासा फायदा आहे: आत रंग मारताना हवा खेळती राहते.

रंग वाळण्यास वेळ द्यावा लागतो. साधा एनॅमल हाताला कोरडा लागतो तेव्हा तो आतून ओलाच असतो. त्यावर रबर दाबून बसवले तर ते रंगाला चिकटते, आणि पुढे कधी काढू गेले तर रंगासकट निघते. निदान दोन-तीन दिवस गाडी उभी राहू द्यावी. मालक चौथ्या फोनला चिडतो, हे आम्हांला माहीत आहे.

या दिवसांत रबर आणावे. जुन्या रबराचा विताएवढा तुकडा दुकानात न्यावा, पण तो फक्त खाचांचा आकार दाखवण्यासाठी. लांबी जुन्या रबरावरून घेऊ नये, कारण ते आक्रसलेले असते. लांबी चौकटीभोवती सुतळी फिरवून मोजावी. येथे आपल्या देशाची एक खास अडचण आहे. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे आपल्याकडे बहुतेक मालमोटारी सांगाड्यावर विकल्या जात, आणि केबिन व हौदा गावोगावचे बॉडीबिल्डर बांधीत. त्यामुळे एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या काचेच्या चौकटींत अर्ध्या इंचाचा फरक निघतो. कारखान्याच्या केबिनला कोपरे जोडलेले तयार रबर मिळते, ते घ्यावे. स्थानिक बांधणीच्या केबिनला फुटावर रबर घ्यावे लागते. ते चौकटीपेक्षा बोटभर लांब कापावे आणि दाबून बसवावे. ताणून पुरे केलेले रबर काही महिन्यांत आक्रसते आणि सांध्यात उघडे पडते. सांधा वरच्या बाजूला मधोमध घ्यावा, खालच्या कोपऱ्यात तर कधीच नाही, कारण पाणी तेथेच साचते. रबर चांगले की वाईट हे पाहायला ते दुमडून घट्ट चिमटीत धरावे. घडीवर बारीक चिरा किंवा पांढरट रेषा दिसल्या तर ते परत द्यावे.

बसवण्याची युक्ती मोठी सुंदर आहे आणि ती एका दोरीची आहे. रबर प्रथम काचेला घालावे. मग पत्र्याच्या खाचेत पेन्सिलपेक्षा थोडी बारीक, गुळगुळीत दोरी सबंध फिरवावी आणि तिची दोन टोके खाली मध्यावर एकमेकांवरून वीतभर जाऊ देऊन केबिनच्या बाजूला सोडावी. खाचेला साबणाचे पाणी लावावे. ग्रीस नाही, डिझेल नाही. दोघांनी काच बाहेरून चौकटीवर बरोबर मध्ये धरावी. आतला माणूस दोरीचे टोक काचेच्या मध्याच्या दिशेने ओढू लागतो. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो, आणि बाहेरचा माणूस नेमक्या त्याच जागी तळहाताने दाबत जातो. आधी खालची बाजू, मग कोपरे, मग उभ्या बाजू, शेवटी वर. आतल्या-बाहेरच्यांनी एकमेकांना सांगत काम केले पाहिजे. एकाने घाई केली की ओठ दुमडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पाचरपट्टी असेल तर ती सर्वांत शेवटी.

त्यानंतर रबराच्या बाहेरच्या ओठाखाली, काचेच्या आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंना, मोटारीसाठी मिळणारे न वाळणारे काळे सीलंट भरावे. हार्डवेअरच्या दुकानातले, आंबट वासाचे सिलिकॉन भरू नये. तो वास आम्लाचा असतो, आणि ते आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणते. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिला की त्या जागी पुढे रंग धरत नाही, त्यात गोल गोल डोळे पडतात.

मग पाण्याची परीक्षा. नळी लावून प्रथम फक्त खालच्या कडेवर पाणी सोडावे आणि आत एक माणूस बॅटरी घेऊन बसवावा; पाच-दहा मिनिटांनी बाजूंवर, शेवटी वर. एकदम वरून पाणी सोडले तर ते कोठून शिरले हे कळत नाही. चौकटीच्या आतल्या बाजूस खडूची पूड लावून ठेवली तर थेंबाची वाट स्पष्ट दिसते. ही परीक्षा ज्याला त्या गाडीत बसायचे आहे त्या ड्रायव्हरसमोर व्हावी असा आमचा आग्रह असतो. आठ-दहा दिवस भरलेली गाडी खराब रस्त्यावर चालली की रबर आपल्या जागी बसते. त्यानंतर एकदा बोटाने सबंध ओठ दाबून पाहावा आणि जेथे पोकळ लागेल तेथे पुन्हा सीलंट भरावे. हे दुसऱ्या फेरीचे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि ते पहिल्या मजुरीतच धरावे.